एकदा तारा निघू द्या

वाट बघावी लागते म्हणून वाट बघणारी माणसं जगभर आहेत. पण वाट बघण्यात ज्याचा जीव रमतो असा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बहिणीच्या पदरात पडला. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी. कुठलंही काम करायचं म्हटलं की त्याच्या आधी दुसरं काहीतरी व्हायला हवं असतं, आणि त्या दुसऱ्याच्या आधी तिसरं. नागपूरला ताईला बघायला आले तेव्हा टेस्ट मॅच चालू होती. मध्यस्थानं मुलगी पसंत आहे का म्हणून विचारलं, तर म्हणाले, एकदा मॅच संपू द्या. मॅच पाच दिवस चालून अनिर्णित सुटली. मग म्हणाले, एकदा मालिका संपू द्या. शेवटी आमच्या बाबांनीच तारीख ठरवली, हॉल बुक केला आणि भाऊजींच्या घरी निरोप पाठवला की तुमच्या मुलाचं लग्न आहे, अवश्य यावं. ही गोष्ट आमच्याकडे थट्टेनं सांगतात. मी तेव्हा कॉलेजात होते, सगळं डोळ्यांनी बघत होते. त्यात थट्टेचा भाग फार थोडा आहे.

कॅनडात, कनाटा नावाच्या गावात, मी आणि माझा नवरा आधी आलो. मागून भाऊजी, ताई आणि त्यांची मुलगी श्रुती आले आणि आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या टाउनहाउसमध्ये राहू लागले. भाऊजींना टेलिकॉमच्या एका कंपनीत नोकरी लागली, ती अगदी त्यांचं माप घेऊन शिवल्यासारखी. तिथल्या लॅबमध्ये नवीन यंत्रं आधी भट्टीसारख्या तापलेल्या कपाटात ठेवायची, मग गोठवणाऱ्या कपाटात, आणि ती कधी बंद पडतात ते बघत बसायचं. म्हणजे काहीतरी बिघडण्याची वाट बघायचा या माणसाला पगार मिळत होता. त्यांचा मॅनेजर एकदा पार्टीत मला कौतुकानं म्हणाला की इतका पेशन्स असलेला इंजिनियर मी आजवर पाहिला नाही. ताई शेजारीच प्लेट घेऊन उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "आम्हीही नाही."

इथे चार रस्ते मिळतात तिथे चारी बाजूंना स्टॉपची पाटी असते, आणि जो आधी येईल त्यानं आधी जायचं असा नियम असतो. भाऊजी आधी येत, पण आधी जात नसत. हात हलवून समोरच्याला जाऊ देत. समोरचा कॅनेडियन, त्यामुळे तोही हात हलवी. मग दोघं एकमेकांना हात दाखवत बसत आणि मागे गाड्यांची रांग लागे. एकदा मी त्यांच्या शेजारी बसले होते, मांडीवर ग्रोसरीची पिशवी आणि पिशवीत आइस्क्रीम. शेवटी एक म्हातारी बाई आपल्या गाडीतून उतरून आमच्या खिडकीशी आली आणि काळजीनं विचारू लागली की तुमची गाडी बंद पडली आहे का. विंटर टायर्सचीही तीच तऱ्हा. सगळी गल्ली नोव्हेंबरात टायर बदलून मोकळी होई. भाऊजी म्हणत, एकदा नीट बर्फ पडू दे नं, घाई कायची आहे? नीट बर्फ पडला त्या सकाळी त्यांची गाडी घसरत जाऊन समोरच्यांच्या कचऱ्याच्या डब्यांवर चढली. मग जे विंटर टायर घातले ते जुलै आला तरी तसेच, कारण आता थोड्या महिन्यांत परत घालायचेच तर आहेत.

मी नुसते त्यांचे वाभाडे काढते आहे असं वाटेल, पण तसं नाही बाप्पा. माझा मुलगा स्केटिंग करताना पडला आणि त्याचा हात मोडला, तेव्हा माझा नवरा कामासाठी विंडसरला गेला होता. आम्ही इमर्जन्सीत जाऊन बसलो तेव्हा सकाळ होती आणि नंबर लागला तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं. मी काउंटरवरच्या मुलीशी दोनदा भांडून आले. पोरगं रडून रडून थकलं. भाऊजी मात्र ऑफिस बुडवून आले आणि स्वतःच्या घरच्या सोफ्यावर बसावं तसे तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. त्यांनी पोराला एक खेळ शिकवला. आतलं दार उघडेल तेव्हा कोण बाहेर येईल ते ओळखायचं, नर्स, डॉक्टर की व्हीलचेअर. थोड्या वेळानं पोरगं हसायला लागलं, आणि मग आजूबाजूचे दोन पेशंटही त्यांच्या खेळात आले. शेजारच्या बाईला वॉशरूमला जायचं होतं तर तिचं तान्हं बाळ भाऊजींनी मांडीवर घेतलं. दिवसभरात त्यांच्या कपाळावर आठी उमटली नाही. त्या दिवशी मला वाटलं, अडल्या वेळी सोबत असावी तर अशा माणसाची. मी ते ताईला बोलूनही दाखवलं. ताई म्हणाली, "दवाखान्यात ठीक आहे गं. मला त्यांच्यासोबत घरात राहायचं आहे."

ताई नागपूरला कॉलेजात इतिहास शिकवायची. पर्मनंट. हा शब्द आमच्या घरात कसा उच्चारला जायचा ते ऐकायला हवं होतं. आमच्या घराण्यातली ती पहिली एम.ए. आणि पहिली प्राध्यापक. बाबा रेल्वेत फिटर होते. तिची ऑर्डर आली त्या दिवशी ते वस्तीत घरोघर पेढे वाटत फिरले आणि प्रत्येक दारात "पर्मनंट आहे" असं सांगून आले. दर एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमात तिचं भाषण ठरलेलं असायचं आणि बाबा पहिल्या रांगेत. कॅनडाला येताना तिनं बिनपगारी रजा घेतली, मग ती एकदा वाढवून घेतली. आता पुन्हा वाढणार नाही, येत्या जूनमध्ये कॉलेज उघडेल तेव्हा हजर झाला नाहीत तर जागा गेली, असं प्राचार्यांनी तिला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. इथे ती एका ग्रोसरीच्या बेकरीत केकवर क्रीमनं लोकांच्या पोरांची नावं लिहायची. तिचं अक्षर सुंदर, त्यामुळे गिऱ्हाईकं तिलाच शोधत यायची. तिनं कधी कुरकुर केली नाही, कारण तिच्या डोळ्यांसमोर जून होता. परत जायचं हे भाऊजींनीही मान्य केलं होतं. म्हणून तर घरात सामानाची निम्मी खोकी उघडलेलीही नव्हती.

आणि मध्ये श्रुतीचे दात आले. म्हणजे दात होतेच, पण वरचे पुढे आणि खालचे एकमेकांच्या अंगावर पडलेले. डेंटिस्टनं ऑर्थोडॉन्टिस्टकडे पाठवलं आणि श्रुतीच्या दातांना तारा लागल्या. साधारण दीड वर्ष लागेल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ताईनं हिशेब केला, वसंतात तारा निघतील, जूनला कॉलेज उघडेल, सगळं बसतंय. मी म्हटलं, नागपुरात काय लोकांना दात नसतात? तिथे करा नं. तर भाऊजी म्हणाले की इथे ऑफिसचा इन्शुरन्स आहे, आणि सुरुवात एकाच्या हातानं आणि शेवट दुसऱ्याच्या हातानं असं दाताचं करू नये. एरवी एक वाक्य बोलायला हप्ता लावणारा माणूस, त्या दिवशी मोठ्या उत्साहानं बोलला. त्यांना नवीन खुंटी सापडली होती. त्यानंतर घरात काहीही विषय निघो, तिकिटं, खोकी, नागपूरच्या शाळेतली ॲडमिशन, त्यांचं उत्तर एकच. एकदा तारा निघू द्या.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सगळं नीट समजावलं होतं. प्रत्येक दातावर एक बारकं ब्रॅकेट चिकटवलेलं असतं, तार त्यातून ओवलेली असते, आणि ती तार दाताला हळूहळू ओढून जागेवर आणते. ब्रॅकेट सुटलं की तो दात मोकाट सुटला. मग तो आपल्या जुन्या जागेकडे सरकायला लागतो. एखादं ब्रॅकेट निघालं आणि लगेच फोन केला तर फारसं बिघडत नाही, पण तसंच राहू दिलं तर झालेलं काम परत करावं लागतं, पुन्हा बारीक तारेपासून सुरुवात, आणि बाकीचे दात त्या एकासाठी खोळंबतात. ताईनं ते एखाद्या लेक्चरसारखं ऐकलं. भाऊजींनीही ऐकलं. मी गाडी चालवत त्यांना घेऊन गेले होते, म्हणून मीही ऐकलं.

पहिलं ब्रॅकेट माझ्याच शंकरपाळ्यानं गेलं. ताईनं तिथूनच, माझ्या किचनमधून, क्लिनिकला फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी ते चिकटवून आणलं. त्यानंतर तिनं घरातून कडक म्हणून जे काही होतं ते हद्दपार केलं. पॉपकॉर्न नाही, बर्फ नाही, दाणे नाहीत, सफरचंदाच्या पातळ फोडी, भाकरी दुधात कुस्करून. वरण-भात, खिचडी, शिरा, परत खिचडी. भाऊजी एकदा माझ्या घरी येऊन उभ्या उभ्या अख्खी कच्ची काकडी खाऊन गेले, नुसता तो करकर आवाज ऐकायला मिळावा म्हणून. रोज संध्याकाळी ताई टॉर्च घेऊन श्रुतीला खुर्चीत बसवायची आणि एकेक ब्रॅकेट बोटानं हलवून बघायची. "आई, दिस इज सो वीअर्ड," श्रुती म्हणायची, पण तोंड उघडायची. मधे आणखी एक निघालं, शाळेत बास्केटबॉल लागून. तेही ताईनं त्याच दिवशी नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की असे पेशंट असतील तर मी वेळेच्या आधीसुद्धा सोडते.

मग नाताळच्या आधीचा सीझन सुरू झाला आणि ताईला बेकरीत संध्याकाळची शिफ्ट मिळाली. टॉर्च भाऊजींच्या हातात आला. ताई विचारायची, बघितलं का? ते म्हणायचे, बघितलं. आणि ते खोटं नव्हतं, रोज बघत असत. जानेवारीत अपॉइंटमेंटच्या दिवशी बर्फाचं वादळ आलं. क्लिनिक उघडं होतं, बस चालू होत्या, पण भाऊजींनी फोन करून पुढची तारीख घेतली. पुढच्या तारखेला श्रुतीची परीक्षा निघाली. नवीन तारीख मार्चची मिळाली. ताईनं जरा कटकट केली, पण तारा आता निघायलाच आल्या आहेत, शेवटचीच एक-दोनदा जायचंय, असं तिला वाटत होतं. फेब्रुवारीत तिनं एअरलाइनकडे जूनच्या तिकिटांची चौकशी करून ठेवली आणि बेकरीच्या मॅनेजरला सांगून टाकलं की मी मे अखेरीस सोडणार.

मार्चमध्ये ताईला आणि श्रुतीला मीच घेऊन गेले. ताईनं चांगला ड्रेस घातला होता, कारण तिला वाटत होतं की आज तारीख मिळणार. डॉक्टरीणबाईंनी श्रुतीच्या तोंडात आरसा घातला आणि त्यांचा हात थांबला. उजवीकडचा, पुढच्या दातांच्या मागचा एक दात. त्याचं ब्रॅकेट तारेवर नुसतं लोंबत होतं आणि वर मेण लावलेलं होतं, टोचू नये म्हणून देतात ते. त्यांनी श्रुतीला विचारलं की हे कधीपासून असं आहे.

श्रुती म्हणाली, "सिन्स, लाइक, बिफोर ख्रिसमस." मग आमच्याकडे बघून म्हणाली, "बाबा नोज. बाबांनीच वॅक्स लावलं. बाबा सेड, नेक्स्ट टाइम जाऊ तेव्हा दाखवू, आईला उगाच टेन्शन कशाला."

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, त्या कोणाला काही लागेल असं बोलल्या नाहीत. दात बराच मागे गेला आहे, शेजारचा त्याच्याकडे कलला आहे, पुन्हा बारीक तार घालावी लागेल, एवढं त्यांनी सांगितलं. ताईनं फक्त विचारलं की जूनपर्यंत होईल का. त्या म्हणाल्या, ऑक्टोबर. कदाचित त्याच्याही पुढे. ताईनं थँक यू म्हटलं, कोट घातला आणि श्रुतीच्या जॅकेटची चेन लावून दिली, जी श्रुती केव्हाची स्वतःच लावत होती. मी दोघींना घरी घेऊन आले.

ताई आत गेली. मी गेले नाही. भाऊजी ड्राइव्हवेवर बर्फ उपसायचं शोव्हल घेऊन उभे होते. शोव्हल करत नव्हते, नुसते उभे होते. प्लाऊ रस्ता साफ करत येतो तेव्हा ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फाचा ढीग टाकून जातो, म्हणून एकदा प्लाऊ जाऊ दे मग शोव्हल करू, हा त्यांचा नियम. मी गाडीचं दार आपटलं आणि विचारलं, तुम्हाला माहीत होतं नं?

"मी काही केलं नाही गं सुषमा," ते म्हणाले.

खरंच होतं ते. त्यांनी काहीच केलं नव्हतं. मी तोंडाला येईल ते बोलले. तिची नोकरी, बाबांचे पेढे, बेकरीतले केक, सगळं काढलं. समोरच्या घरातली बाई पडदा सरकवून बघायला लागली तरी मी थांबले नाही. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही, ऐकून घेतलं. माझा दम संपला तेव्हा शोव्हलच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "नागपूरला माझी कंपनी बंद पडली नं, त्यानंतर मी घरीच होतो. तुला माहीत आहे. कोणी मला वाईट बोललं नाही. पण दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांसाठी मी मॅडमचे मिस्टर. इथे मला कोणी काहीच म्हणत नाही. ऑफिसात माझं नाव घेतात." मग म्हणाले, "मला वाटलं, थोडे दिवस आणखी."

हे त्यांनी ताईला सांगितलं असतं तर? तोंड उघडून एकदा म्हटलं असतं की मला परत जायची भीती वाटते, तर ताई भांडली असती, रडली असती, पण काहीतरी मार्ग काढला असता. ती बाई अख्खा वर्ग सांभाळायची, हा एक माणूस तिला जड नव्हता. मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला. मी तशीच निघून आले.

मी ताईच्या मागे लागले की तू एकटी जा. श्रुती काही तान्ही नाही, आम्ही दोन गल्ल्यांवर आहोत. ताई म्हणाली, पोरीला असं अर्ध्यावर टाकून मी स्वतःहून कशी जाऊ? "त्यांना म्हणू दे. एकदा म्हणू दे की तू जा, मी बघतो. त्याच दिवशी तिकीट काढते." एवढं एकच वाक्य तिला हवं होतं. एप्रिल गेला, मे गेला. ती बेकरीतून आली की चहा घेऊन त्यांच्यासमोर बसायची, टीव्ही बंद करायची. भाऊजी हवापाण्याविषयी बोलायचे, लॅबविषयी बोलायचे, तिच्या कपात आणखी चहा ओतायचे. तिला काय ऐकायचं आहे ते त्यांना कळत होतं, याची मला पक्की खात्री आहे. जूनमध्ये नागपूरचं कॉलेज उघडलं. पुढे ताईच्या जागेवर तिचीच एक विद्यार्थिनी लागली. तिनं ताईला फोन करून आशीर्वाद मागितला आणि ताईनं तो मनापासून दिला. फोन ठेवल्यावर मात्र ती वॉशरूममध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बाबांना हे कोणी सांगायचं यावरून आम्हा दोघी बहिणींत भांडण झालं. शेवटी मीच सांगितलं. बाबा "बरं" म्हणाले आणि त्यांनी फोन आईकडे दिला.

तारा नोव्हेंबरात निघाल्या. दात सुरेख आले, दृष्ट लागावी असे. श्रुती गाडीच्या आरशात बघून हसायची, दुकानाच्या काचेत बघून हसायची. ताई तिला जवळ घेऊन म्हणाली की छान झाले गं. भाऊजी लॅबमध्ये होते.

ताई नागपूरला परत गेली ती त्याच्या पुढच्या वर्षी. त्याच कॉलेजात, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याचे पैसे, सुट्टीचे नाहीत, आणि दर वर्षी पुन्हा अर्ज. विभागप्रमुखांच्या खुर्चीशेजारी तिची विद्यार्थिनी बसते आणि ताई दाराजवळच्या टेबलाशी. तू जा म्हणून अखेर तिला सांगितलं ते श्रुतीनं. पोरगी हायस्कूलमध्ये गेली होती. एका रविवारी जेवताना म्हणाली, "आई, यू शुड गो. वुई विल बी फाइन." भाऊजी तिथेच बसले होते. त्यांनी मान खाली घातली आणि भात कालवत राहिले. पण तिकीट त्यांनीच काढून आणलं, आणि एअरपोर्टवर ताईची बॅग शेवटच्या दारापर्यंत त्यांनीच ओढली. विमान उडाल्याचं बोर्डावर दिसलं तरी ते तिथून हलेनात. मी आणि श्रुती पार्किंगमध्ये गाडीत बसून होतो. श्रुती म्हणाली, मावशी, लेट हिम. मी हॉर्न वाजवला नाही.

त्यांचा राग मला अजून येतो. भेटले की एखादा टोमणा मारल्याशिवाय राहवत नाही, आणि ते तो निमूट ऐकून घेतात, त्यानं आणखी चिडचिड होते. तरी शनिवारी त्यांना डबा देते, कारण दोघं बापलेक नुसत्या टोस्टवर दिवस काढतात. गेल्या आठवड्यात भरदुपारी मला ऑफिसमध्ये त्यांचा फोन आला. एरवी ते कधी फोन करत नाहीत. श्रुतीच्या रिटेनरला, म्हणजे दात परत सरकू नयेत म्हणून रात्री लावायची ती प्लास्टिकची पट्टी असते, तिला सकाळी चीर गेलेली दिसली. तर हा माणूस लॅबमधलं काम टाकून शाळेत गेला, तिला वर्गातून उठवलं आणि अपॉइंटमेंट नसताना क्लिनिकच्या दारात जाऊन उभा राहिला. नवीन रिटेनरचं माप देऊन झालं होतं. मी म्हटलं, बरं झालं, मग आता काय? मागे क्लिनिकमधल्या कुठल्याशा यंत्राचा बारीक आवाज येत होता.

"तुझ्या ताईला सांगशील का?" ते म्हणाले. "आजच्या आज नेलं म्हणून."

मी सांगितलं. ताई म्हणाली, बरं केलं त्यांनी. मग म्हणाली की तिचा तास आहे, पोरं वर्गात येऊन बसली आहेत, आणि तिनं फोन ठेवला.